हत्ती कुठे बांधणार?

"हरिभाऊ, हत्ती कुठे बांधणार?"

शेजारच्या रखमाबाईंनी परसातल्या भिंतीवरून हे विचारलं तेव्हा मी दात घासत होतो. तोंडात राखुंडी असताना कुणाला विचारावा असा हा प्रश्न नव्हे. मी चूळ भरली, तोंड पुसलं आणि कोणता हत्ती, ते विचारलं.

"इश्श, कोणता म्हणजे? तुमचाच. नवमीला यायचाय ना? कुठेही बांधा, फक्त आमच्या भिंतीशी नको. माझ्या केळी आहेत."

रखमाबाईंचं आणि आमचं बोलणं बंद होतं, हे आधी सांगायला हवं. सन अठराशे चौऱ्यांशीच्या वैशाखात मी एका विधवेशी लग्न केलं. माझी पहिली बायको पटकीत जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, कचेरीत कायमची कारकुनी होती, आणि सुधारणेवरची व्याख्यानं ऐकून ऐकून मला वाटू लागलं होतं की आपणही काहीतरी करून दाखवावं. ते केलं. ठाण्यातल्या आमच्या आळीने दुसऱ्याच दिवशी आमच्यावर बहिष्कार घातला. भटजी येईनात, बायका आमच्या उंबऱ्याला शिवेनात, आणि हळदीकुंकवाचं बोलावणं आमचं दार वगळून पुढे जाऊ लागलं. सल्ला मात्र पूर्वीइतकाच येत राहिला. सल्ल्याला विटाळ नसतो, असं शास्त्र असावं. रखमाबाई तो रोज सकाळी भिंतीवरून देत.

हत्तीचा उगम माझ्याच घरात निघाला. हिची पहिल्या घरची मुलगी उत्तरा, वय वर्षं नऊ. हिच्याबरोबर ती आमच्याकडे राहायला आली आणि आल्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोलली नाही. उद्धट मुळीच नव्हती. उलट इतकी नेमस्त, की माझ्या ताटाला कधी पाय लावला नाही की माझी जागा कधी अडवली नाही. काही सांगायचं झालं तर आईला सांगे, आणि आई जवळ नसली तर ओटीवरच्या खांबाला सांगे. "खांबा, पानं वाढली आहेत." "खांबा, दारात पोस्टाचा शिपाई आलाय." शेवटी मीही एकदा खांबाला म्हणालो, की बाबा रे, पेरू हवाय का विचार. तिने खांबाला उत्तर दिलं, की पेरू नको, दात हलतोय. पाच महिने आमचं दोघांचं सगळं दळणवळण त्या सागवानी मध्यस्थाकडून चाललं होतं. त्या खांबाला मी मुद्दाम दोनदा तेलपाणी करून घेतलं.

तर नवरात्र बसलं आणि आळीतल्या मुलींचा भोंडला सुरू झाला. रोज एकीच्या घरी. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची, आणि शेवटी त्या घरची खिरापत काय आहे ते ओळखायचं, मगच खायची. बहिष्कार मोठ्या माणसांवर होता, त्यामुळे उत्तरेला फेरात घेत. पण नवमीला तिची पाळी आली, तेव्हा मुली म्हणाल्या, तुझ्याकडे यायला आया सोडणार नाहीत. आणि आमची पोर त्या आठजणींच्या तोंडावर म्हणाली, "नका येऊ. आमच्याकडे पाटावरचा हत्ती नसणारच मुळी. खरा येणार आहे."

एवढंच झालं होतं. तासाभरात ही बातमी तलावापर्यंत गेली.

"सरळ सांगून टाका तिला," ही म्हणाली. "हत्ती येणार नाही म्हणावं. रडेल आणि गप्प बसेल."

"मी सांगू? माझ्याशी बोलते कुठे ती?"

"मग मी सांगते."

"नको," मी म्हणालो.

नको म्हणण्याचं कारण कल्याणला होतं. उत्तरेच्या वडिलांचे थोरले भाऊ, अण्णा, तिथे वकिलाकडे लिहिण्याच्या कामावर होते. पुनर्विवाह केलेल्या बाईची मुलं मयत नवऱ्याच्या नातेवाइकांना कोर्टाकडून मागून घेता येतात, अशी कायद्यात सोय आहे, आणि अण्णांचा अर्ज लिहून तयार होता. माणूस वाईट नव्हता. भावाची एकुलती एक खूण परक्याच्या घरी वाढते, हे त्यांना सोसत नव्हतं. त्यांनी मला पत्र लिहिलं, की कोर्टकचेरी मलाही नको. नवमीला ठाण्यास येतो, पोरीलाच विचारतो. ती राहते म्हणाली तर अर्ज फाडून टाकतो, येते म्हणाली तर आपण आडवे येऊ नये. हिने ते पत्र वाचलं आणि दोन दिवस तिच्या हातून आमटीत मीठ पडलं नाही. मी तशीच प्यालो.

आता तुम्हीच सांगा. नवमीला सगळी आळी "कुठाय तुझा हत्ती" म्हणून त्या पोरीला हसणार, आणि त्याच संध्याकाळी अण्णा विचारणार, इथे राहतेस की येतेस. कोण राहील? आणि मला ती हवी होती. हे मी कुणाला बोललो नव्हतो, कारण बोलायला तसा हक्क नव्हता. पण ती शाळेतून आली की घरात माणूस आल्यासारखं वाटे, मग ती खांबाशी का बोलेना.

तेव्हा हत्ती आणायचा ठरला. पाच महिन्यांत प्रथमच आळी माझ्याशी मोकळेपणाने बोलू लागली. रखमाबाईंचे यजमान विठ्ठलपंत रस्त्याच्या पलीकडून म्हणाले, खरा हत्ती कशाला, चार धट्टीकट्टी माणसं झुलीखाली घाला आणि पुढे सोंडेला धोतर लोंबकळत सोडा. कुणी म्हणालं, मुंबईत सर्कस उतरली आहे. रखमाबाई म्हणाल्या, हत्तीला नुसता गूळ घालू नका, पोट बिघडतं, सुंठ घाला. त्यांनी हत्ती कधी पाळला होता ते मला ठाऊक नाही.

म्युनिसिपालटीत गोपीनाथ म्हणून माझा ओळखीचा कारकून होता. गावात मोठं जनावर आणायचं तर परवाना लागतो, म्हणून मी त्याच्याकडे गेलो. त्याने वही उघडली, बोटाने रकाने पाहिले, पान उलटून मागची बाजूसुद्धा पाहिली.

"बैल आहे, घोडा आहे, म्हैस आहे, शेळी आहे. हत्तीचा रकाना नाही."

"मग?"

"मग हत्ती नाही." थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "म्हशीत घालू का? शेरा मारतो, 'आकाराने मोठी, सोंड आहे.' देवी टोचल्यात का?"

"कुणाला?"

"जनावराला. तशी जरूर नाही, पण रकाना आहे."

त्यानेच सांगितलं, की कल्याणला खाडीकाठी गोसाव्यांचा आखाडा उतरला आहे आणि त्यांच्याकडे हत्तीण आहे. मी कचेरीत दोन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी 'घरगुती' एवढंच लिहिलं होतं. शिरस्तेदारांनी तो वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जपून आणा हो. कचेरीवरून आणणार असाल तर दफ्तराच्या खिडक्या आधी लावून घेऊ." म्हणजे बातमी तिथेही पोचली होती.

अष्टमीला मी आगगाडीने कल्याणला गेलो. गोसाव्यांचे महंत भले गृहस्थ. कुमारिकांच्या खेळासाठी गजराज हवा म्हटल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. शिधा आणि धोतरजोडी यावर काम झालं. हत्तिणीचं नाव रंगूबाई. माहूत दौलत तिला नुसतं 'बाई' म्हणे आणि तिच्याविषयी इतक्या अदबीने बोले, की पहिल्या अर्ध्या तासात मीही तिला अहो-जाहो करू लागलो.

नवमीच्या पहाटे आम्ही निघालो. पुढे बाई, त्यांच्या मानेवर दौलत, मागे मी छत्री घेऊन. कल्याणच्या वेशीशी पोचतो तोच समोरून स्नान करून, हातात तांब्या घेतलेले अण्णा. लग्नानंतर आमची ही पहिलीच गाठ.

"काय हरिभाऊ, इकडे कुठे?"

"सहज," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यापुढच्या हत्तिणीकडे पाहिलं. "बरं बरं. दुपारच्या गाडीने येतोच मी," म्हणाले आणि ओलेत्याने निघून गेले. मुलगी कुणाच्या घरात राहते याविषयी त्यांच्या मनात जी शंका होती, ती त्या वेळी मिटली असेल असं मला वाटत नाही.

कल्याण ते ठाणे आगगाडीला किती वेळ लागतो ते मी जाणून होतो. हत्तीला किती लागतो ते कुठल्याच वेळापत्रकात नाही. शिळ गावाशी बाईंची न्याहारी झाली. मुंब्र्याच्या अलीकडे तळं दिसलं, तेव्हा बाई रस्ता सोडून त्यात जाऊन बसल्या.

"दौलत, उशीर होतोय."

"बाईंची आंघोळ चाललीय," दौलत म्हणाला. "बाईमाणसाला आंघोळीतून उठा म्हणून कसं सांगायचं? तुम्ही सांगून बघा."

मी काठावर बसून राहिलो.

कळव्याच्या पुलाशी उन्हं कलली. तिथे पहारेकऱ्याने हात आडवा केला. लेखी हुकूम आहे, म्हणाला, की भरल्या बैलगाडीपेक्षा जड काही सोडायचं नाही. मी त्याला म्हणालो, बाबा रे, मी कचेरीतला माणूस आहे, हुकूम म्हणजे काय ते मला शिकवू नकोस, दाखव पाहू. त्याने चौकीतून कागद आणला. अक्षर मोठं सुबक होतं. खाली डाव्या कोपऱ्यात 'नक्कल केली' म्हणून माझी सही होती. गेल्या साली कार्तिकात कधीतरी मीच तो उतरवून धाडला होता. मी तो पुन्हा एकदा वाचला, कुठे पळवाट सापडते का म्हणून. एकही नव्हती. मसुदा नीट उतरवण्याबद्दल कचेरीत माझी ख्याती आहे.

खाली खाडीत होडी घेऊन विश्राम नावाचा आगरी बसला होता. तो हसत हसत वर आला.

"पुलाव कशाला नेताव? पान्यातून न्या. पन आता नाय. आता भरती हाय. ओहटी लागू दे."

"कधी लागेल?"

"लागंल तवा लागंल. तुमच्या सायबाचा हुकूम तिला नाय."

ओहोटी लागायला दिवस मावळतीला आला. बाई पाण्यात उतरल्या आणि मोठ्या खुशीत पलीकडे गेल्या. मी विश्रामच्या होडीतून गेलो. पण पाणी ओसरल्यामुळे होडी काठापासून पन्नास पावलांवर चिखलात रुतली. मी उतरलो आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. पाय बाहेर आले ते जोड्यांशिवाय. तेवढ्यात मदत करावी म्हणून की काय, बाईंनी सोंड लांब करून माझ्या डोक्यावरची तांबडी पगडी उचलली, जरा हुंगली आणि तोंडात घातली.

"तांबडं आवडतं त्यांना," दौलत वरून म्हणाला. "आता बोलू नका. खाताना बोललेलं त्यांना खपत नाही. शेपूट धरा आणि चला मागून."

पंधरा वर्षं मी ठाण्यात पगडी घालून, उपरणं घेऊन, रस्त्याच्या कडेने चालत आलो आहे. त्या संध्याकाळी मी बोडक्या डोक्याने, अनवाणी, हत्तिणीचं शेपूट धरून गावात शिरलो. कचेरीच्या खिडक्या बंद होत्या, हे शिरस्तेदारांचे उपकार.

आळीच्या तोंडाशी कंदील घेऊन गर्दी उभी होती. हत्ती येणार नाही हे बघायला सगळे जमले होते. आठही मुली होत्या, त्यांच्या आया होत्या, आणि बाजूला, एकटी, परकर-पोलक्यात उत्तरा. तिचा चेहरा रडून सुजला होता. हत्ती वळणावरून पुढे आला तेव्हा सगळे भिंतींना टेकेपर्यंत मागे सरले. उत्तरा मात्र हत्तीकडे न बघता धावत मागे माझ्याकडे आली.

"पगडी कुठंय तुमची?"

पाच महिन्यांतला हा तिचा मला पहिला प्रश्न, आणि त्याचं उत्तर रंगूबाईंच्या पोटात होतं. मी नुसतं बोट दाखवलं.

बाई आळीत मावेनात. तेव्हा दौलतने त्यांना आमच्या परसाला लागून असलेल्या, देवळामागच्या मोकळ्या जागेत उभं केलं. वाटेत त्यांनी भिंतीवरून सोंड घालून रखमाबाईंच्या दोन केळी मुळासकट काढल्या. मी डोळे मिटून घेतले. पण रखमाबाई हळदकुंकू आणि आरती घेऊन पुढे आल्या, हत्तिणीच्या पायावर पाणी घातलं आणि म्हणाल्या, "खाऊ द्या हो. साक्षात गणपतीचं रूप, माझ्या दारचं खाल्लं." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "सुंठ दिलीत का?"

फेर धरायची वेळ आली तेव्हा खरी अडचण कळली. पाटावरच्या हत्तीभोवती आठ-नऊ मुली पुरतात. खऱ्याभोवती पुरत नाहीत. नऊजणींनी हात धरून ताणले तरी फेर निम्म्या हत्तीपर्यंतच जाई. दौलत म्हणाला, फार जवळ येऊ नका, बाईंना गर्दी सोसत नाही. म्हणजे आणखी माणसं हवीत. मुली आयांना ओढू लागल्या. एक आली, मग दुसरी आली, मग विठ्ठलपंतांची म्हातारी आईसुद्धा आली. तरी एका माणसाची जागा राहिलीच. त्या जागेच्या एका बाजूला रखमाबाई होत्या. आमची ही परसदाराच्या पायरीवर उभी होती, परात हातात घेऊन. कुणी हाक मारली नाही, आणि ती आपणहून जाणारी नव्हती.

मग रखमाबाई रागावल्यासारख्या म्हणाल्या, "अगं, हात दुखले माझे. किती वेळ ताटकळत ठेवायचं देवाला? ये की."

ही परात खाली ठेवून गेली. रखमाबाईंनी तिचा हात धरला, फेर पुरा झाला आणि गाणं सुरू झालं. मी देवळाच्या पायरीवर बसलो होतो. मला समोरचं नीट दिसेना, म्हणून मी उपरण्याने डोळे पुसले. उपरण्यालाही चिखल होता, त्यामुळे आणखीच दिसेना.

खिरापत कुणाला ओळखता आली नाही. हिने ओल्या नारळाच्या करंज्या केल्या होत्या. आमच्या घरचं खावं की नाही, असा प्रश्न आयांच्या तोंडावर आला होता. पण रखमाबाई म्हणाल्या, हत्तीच्या पुढ्यातलं ते, त्याला दोष नाही. आधी दोन बाईंना दिल्या आणि मग पहिली स्वतः उचलली. हा नियम कुठल्या ग्रंथातला, ते मी अजून विचारलेलं नाही.

अण्णा दुपारपासून आमच्या ओटीवर बसले होते. आता ते उठून आले. हातात दुमडलेला कागद होता. ते उत्तरेसमोर उकिडवे बसले.

"उत्तरे, कुणाची भीड धरू नको. मनात असेल ते सांग. इथे राहतेस, की कल्याणला येतेस माझ्याबरोबर?"

उत्तरेने करंजी संपवली, परकराला हात पुसला आणि आईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, पायांपासून वरपर्यंत.

"मला यायचंय, अण्णाकाका," ती म्हणाली.

हिने पदर तोंडाला लावला. नाही म्हणायला मी कोण होतो?

"काकूची आठवण येते मला फार," उत्तरा म्हणाली. "पण यायचं कसं? हत्तीची मी थाप मारली होती. मला वाटलं, हे रागावतील, नाहीतर आईकडून रागवायला लावतील. तर हे काही बोललेच नाहीत. गेले आणि हत्ती घेऊन आले." तिने माझ्या अनवाणी पायांकडे हात केला. "बघा कसे आलेत ते. जोडे नाहीत, पगडी नाही. उद्या मी तिकडे असले आणि इथे कुणी काही बोललं, तर हे आणखी काय आणायला जातील, कोण सांगणार? आईला यांना नको म्हणता येत नाही. घरात लक्ष ठेवायला कुणीतरी हवं ना?"

अण्णांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पहाटे वेशीवर पाहिलं होतं तसंच, पण जरा जास्त वेळ.

"हवं खरं," ते म्हणाले. त्यांनी कागदाचे चार तुकडे केले आणि उठता उठता गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "दिवाळीला काकूकडे ये. आईला घेऊन ये. आणि यांनाही आण. पण आगगाडीनेच या म्हणावं."

"आणते," उत्तरा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आता चला. आधी पाय धुवा, मग घरात या."

मी निमूट उठलो आणि विहिरीकडे गेलो.